शेपट्या

जेल रोडला, मोबाइलच्या दुकानांवरच्या माडीत
आमचं एडिटिंग होतं. एक कूलर, दोन मॉनिटर,
आणि उल्का झोकरकर,
जिला आम्ही लग्नांत बायकांच्या बाजूला पाठवायचो,
हळदीला, मेंदीला,
जिथं बाप्या माणसाचा कॅमेरा शिरला की पदर सावरले जातात.
दिवसाचे तीनशे. जेवण मांडवात.

तिच्या टेपा मला पाठ होत्या.
नवरी उठून गेली तरी कॅमेरा उठायचा नाही.
रिकामा पाट. सांडलेल्या अक्षता.
एक पोरगं येतं, सुपारी खिशात घालतं, पळतं.
मग कोणीच नाही.
पंख्यानं हलणारी झालर तेवढी.

मी कापायचो. शेपट्या म्हणायचो मी त्यांना,
ती मला कात्री म्हणायची.
एकदा एक राहून गेली तर गिऱ्हाईक आलं माडी चढून,
"भिया, इसमें तो कोई हैच नहीं."
बरोबर होतं त्याचं.
कोणी नसण्याचे पैसे कोण देणार?

टेप पुसून पुन्हा वापरायची, हा रिवाज.
तिनं स्वतःच्या पैशांनी कोऱ्या आणून ठेवल्या
आणि जुन्या पिशवीत भरून नेल्या.
कशाला, ते मी विचारलं नाही.
सीझन होता.

पुढं तिनं काम सोडलं. स्कूटी विकून कॅमेरा घेतला.
परदेशीपुऱ्यात, बंद गिरणीच्या फाटकासमोर
सायकली दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं
चौदा महिने जात राहिली.
त्याला एक प्रश्न नाही, मागं एक सूर नाही.
तो घमेल्यात ट्यूब बुडवतो,
बुडबुडा येईपर्यंत तो थांबतो,
म्हणून आपणही थांबायचं.
मला वाटलं, हिला कोणीतरी कापायला हवं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. सतरा माणसं,
त्यात तिचे मामा घोरत.
दोघं मध्येच उठून गेले.
ती पडदा सोडून
त्यांच्या दोन खुर्च्यांकडं बघत बसली, बराच वेळ.

कुठल्याशा फेस्टिव्हलचं पत्र आलं,
तिकीट ज्याचं त्यानं काढायचं होतं. राहिलं.
त्याच महिन्यात एका शेववाल्याची जाहिरात केली,
झाऱ्यातून लवंग शेव तेलात पडते, फुलते, तेल शांत होतं.
चाळीस सेकंद.
शेठ म्हणाला, तीस.
त्या दहा सेकंदांसाठी निम्मे पैसे सोडून आली
आणि उरलेल्या निम्म्यात दुसरा सिनेमा काढला.
तिसरा अजून संपत नाहीये.

आप्पा गेले मागच्या वर्षी.
गावातल्या अर्ध्या मराठी पंगती त्यांच्या हाताखालून उठल्या
आणि भिंतीवर लावायला फोटो सापडेना.
पंगतीचे फोटो निघतात.
भटारखान्यात कोण जातं कॅमेरा घेऊन, धुरात?
शेवटी मतदान कार्डावरचा मोठा केला,
त्यात ते चोरासारखे दिसतात.

तेराव्यानंतर उल्का आली. पेन ड्राइव्ह ठेवला टेबलावर.
"तुझंच आहे. तूच कापलेलं."
चहाही न घेता गेली.

रामबागेतलं एक कार्यालय. नवरी गेलेली.
झालर. अक्षता.
डाव्या कडेनं आप्पा येतात, खांद्यावर पंचा,
इकडंतिकडं बघतात
आणि नवरीच्या पाटावर बसतात.
पाय लांब करतात. मान पुसतात.
मग खालचा एक दाणा उचलून
दाताखाली धरून बघतात, तांदूळ जुना की नवा.
नापसंत.
आतून कोणीतरी हाक मारतं,
गुडघ्यावर हात रोवून ते उठतात, जातात.

आणि ती थांबलेलीच आहे,
आप्पा गेल्यावरही, रिकाम्या पाटापाशी,
अकरा सेकंद.

मी मोजले. सवयीनं टाइमलाइनवर घेतलं होतं ना,
कर्सर नेमका त्या अकरांच्या तोंडाशी लुकलुकत होता.
कूलरमधलं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली.
उठायला हवं होतं.